हात न लावता बिघडलेला कॉम्प्युटर

"हात वर कर. दोन्ही. सगळ्यांना दिसू दे."

मी हात वर केले. माझ्यासमोर कॉम्प्युटरचा पडदा काळा पडला होता. आत्तापर्यंत त्यावर निळं आभाळ आणि हिरवं कुरण होतं. आता काहीच नव्हतं.

"कोणतं बटण दाबलंस?" सरांनी विचारलं.

"मी काई नाई केलं सर. हातच नाई लावला."

"मग मंत्र मारलास?" सर वर्गाकडे वळले. "तिकडे जंगलात बाँब लावायला शिकतात आणि इथे येऊन हे असं करतात."

वर्ग हसला. माझे हात वरच होते. आदल्याच आठवड्यात गावी जाऊन धानाची रोवणी करून आले होते. नखांतला चिखल अजून निघाला नव्हता. पुढच्या रांगेतली एक पोरगी माझी नखं बघत होती.

चंद्रपुरातला एक कॉम्प्युटर क्लास. दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. माझं गाव एटापल्लीच्या पुढे, सूरजागडच्या डोंगराकडे, सरकार ज्याला नक्षलग्रस्त म्हणतं त्या भागात. बारावी होऊन मी चंद्रपूरला वसतिगृहात राहत होते. एका सरकारी योजनेतून आम्हा सहा जणींना त्या क्लासला घातलं होतं. कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट नसेल तर ऑफिसात कोणी उभं करणार नाही, असं जो तो सांगायचा. आमच्या गावातून ऑफिसातल्या खुर्चीवर बसलेलं तोवर कोणी नव्हतं. मला ते सर्टिफिकेट हवंच होतं.

बाकीची पोरं ऊर्जानगरची, वीज केंद्राच्या कॉलनीतली. ती खुर्च्यांवर, आम्ही मागच्या बाकावर. आमचं नाव 'फुकट बॅच'. चपला सगळेच बाहेर काढत. पाय धुऊन यायला मात्र आम्हालाच सांगत. धूळ मशीनला चालत नाही म्हणे. धूळ फक्त आमच्याच पायाला असावी.

सर फळ्यावर लिहायचे, आम्ही वहीत उतरवायचो. सीपीयू म्हणजे संगणकाचा मेंदू. मॉनिटर म्हणजे पडदा. हार्डवेअर म्हणजे ज्याला हात लावता येतो ते. सॉफ्टवेअर म्हणजे ज्याला हात लावता येत नाही ते. माझं सगळं तोंडपाठ. झोपेतून उठवलं असतं तरी म्हटलं असतं. पण दीड महिन्यात मी हार्डवेअरला एकदाही हात लावला नव्हता.

त्या दिवशी ऊर्जानगरची एक मुलगी आली नाही. सर म्हणाले, "बस तिच्या जागी. पण मी येईपर्यंत हात लावू नको. हात मांडीवर." आणि ते खाली चहाला गेले. मी हात मांडीवर ठेवले. श्वाससुद्धा जपून घेत होते. पंधरा-वीस मिनिटं गेली. आणि अचानक पडदा काळा झाला. तेवढ्यात सर आले.

"उद्या पोलिसांत तुझं नाव देतो," ते म्हणाले. "गाव सांगितलं की पुढचं ते बघतील."

ऊर्जानगरच्या पोरांना ही नुसती दमदाटी वाटली असेल. आमच्याकडे नाव देणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. माझ्या काकाला एकदा नुसती विचारपूस करायला म्हणून नेलं होतं. तो अकराव्या दिवशी परत आला. तिथे काय झालं ते त्याने कधीच सांगितलं नाही. पण त्यानंतर दार वाजलं की तो उठून मागच्या अंगणात जाऊन उभा राहायचा. हे सगळं मला आठवलं आणि मी सरांचे पाय धरले. होय, धरले. लिहिताना लाज वाटते, पण धरले.

सरांनी कागद पुढे केला आणि मजकूर सांगितला. 'माझ्या हातून क्लासचे मशीन बिघडले. मी गुन्हा कबूल करते.' खाली माझी सही. तो कागद त्यांनी टेबलाच्या खणात टाकला. वर शिक्षा दिली. रोज तासभर आधी यायचं, खोली झाडायची, पुसायची, चहाचे कप धुवायचे. मी लगेच मान हलवली. नाव पोलिसांत जाणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी तोच कॉम्प्युटर सुरू होता. "रात्री मेकॅनिकला बोलावून जिवंत केला," सर म्हणाले. मी त्यांना हात जोडले. कॉम्प्युटरलाही जोडले.

पुढचे तीन आठवडे मी भीतीत काढले. झाडताना वायरींपासून हातभर लांब राहायचे. वसतिगृहात पंख्याचं बटणसुद्धा मैत्रिणीला दाबायला सांगायचे. रस्त्यात पोलिसांची गाडी दिसली की दुकानात शिरायचे, घ्यायचं काही नसलं तरी. आपल्या हातातच काहीतरी वाईट आहे, असं मला खरंच वाटायला लागलं होतं.

एका सकाळी मी झाडत असताना रशीदभाई आले. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. माऊस उलटा करून त्यातली गोळी काढून पुसायला बसले. मी त्यांच्यासाठी चहा आणला आणि समोर उभी राहिले.

"भाऊ, माझ्यापायी तुम्हाले त्या रोजी रात्री यावं लागलं. माफ करा."

"कोणत्या रोजी? मी त दोन महिन्यानं आज येऊन राह्यलो."

मी सगळं सांगितलं. ते गोळी हातात धरून ऐकत होते.

"पडदा काळा झाला तवा खालची लाइट चालू होती का?"

"हो. नारंगी."

"मग बिघडला नाई बेटा. झोपला होता. बराच वेळ कोणी हात नाई लावला का पडदा आपल्या मनानंच झोपते. माऊस हालवला का उठते. बस, इतकंच."

हात न लावल्यामुळे. आणि मी तर हात मांडीवर घट्ट दाबून बसले होते.

"सरले मालूम नसन," मी म्हटलं.

रशीदभाई हसले नाहीत. "त्यानंच त मले तसा टाइम लावाले सांगतला होता."

मी केरसुणी घेऊन खालीच बसले. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, उलट जास्त भीती वाटली. मला एक साधी गोष्ट माहीत नव्हती, आणि तेवढ्यावर एका माणसाने माझ्याकडून गुन्हा लिहून घेतला होता. आणखी कशाकशावर आमच्या माणसांनी असे अंगठे दिले असतील?

त्याच दिवशी वर्ग भरला. कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर रिकामा होता, पडदा काळा. सर शिकवत होते. मी बाकावरून उठले. चालत त्या कॉम्प्युटरपाशी गेले.

"ए! हात लावू नको!"

मी माऊस हलवला. निळं आभाळ आलं.

"सर, हा झोपला होता. त्या रोजीबी झोपलाच होता. माझा कागद द्या."

वर्गात कोणी हसलं नाही. सर हसले. "अगं, गंमत केली होती. किती मनावर घेतेस!"

गंमत. माझ्या काकाच्या दारावर उभी राहणारी ती भीती ह्यांना गंमत होती.

"माझा कागद द्या."

तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्यांनी खण उघडला. खोटं कशाला सांगू, माझी भीती गेली नव्हती. कागद हातात घेतानाही वाटत होतं की खाली गाडी उभी असेल. पण मी मागच्या बाकावर परत गेले नाही. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवरच बसले. कोर्स संपेपर्यंत तिथेच बसले.

तो कागद मी फाडला नाही. आता तालुक्याच्या एका ऑफिसात खुर्चीवर बसते, तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. रविवारी गावाकडच्या पोरी आणि बाया शिकायला येतात. पहिल्या दिवशी मी त्यांना काहीच सांगत नाही. हात मांडीवर ठेवून बसायला लावते. पडदा काळा होतो. त्यांचे चेहरे उतरतात. मग एकेकीला माऊस हलवायला लावते आणि तो कागद वाचून दाखवते. सीपीयू, मॉनिटर, हार्डवेअर, सगळं त्याच्यानंतर.

माहीत नाही म्हणून कोणाला हात वर करायला लावले, तर मी तिथे उठून बोलणार. समोर सर असो, साहेब असो, नाहीतर गाडी घेऊन आलेला असो. भीती वाटेल. वाटू दे. मांडीवर हात ठेवून मी आता बसणार नाही.