श्वासाच्या लाल खुणा

प्रार्थना गाऊन चालवणारा हझान व्हायला मला निवडलं ते आवाजासाठी नव्हे, यादीसाठी. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि वसई-विरारमधल्या आम्हा मोजक्या बेने इस्रायल ज्यू घरांतून ते दहा जमवायचं काम माझ्याकडे होतं. कोणाची रात्रपाळी, कोण आजारी, कोणाचा फोन शेजाऱ्यांकडे येतो, सगळं माझ्या वहीत असे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. माणिकपूरला एका इमारतीच्या तळमजल्यावर आम्ही प्रार्थनेसाठी हॉल घेतला होता. तिथले हझानकाका सत्तरीपुढचे, दम्याने बेजार. श्रावण संपताना ते मुलीकडे इस्रायलला कायमचे जाणार होते. त्यानंतर महिन्याभरात दरफाळणीचा सण, म्हणजे योम किप्पुरचा उपास. तोवर मी तयार झालो नाही, तर हॉल बंद ठेवायचा आणि सगळ्यांनी ठाण्याला जायचं, असं ठरलं. धडधाकट माणसं गेली असती. काकांच्या थोरल्या वहिनी, ज्यांना आम्ही सगळे काकी म्हणायचो, त्यांचे गुडघे स्टेशनचा जिना चढू देत नव्हते. त्या घरीच राहिल्या असत्या.

दर रविवारी सकाळी मी बोळिंजहून मनवेलपाड्याला काकांच्या चाळीतल्या खोलीवर जायचो. ते हिब्रू ओळ म्हणत, मी देवनागरीत लिहून घेई. सूर चढला की वर रेघ, उतरला की खाली रेघ, श्वास घेतला की लाल पेन्सिलीचं टिंब.

"अरे, माझा श्वासपण लिहितोस?"

"लिहिलं नाही तर लक्षात राहत नाही, काका."

"लिही बाबा. एवढाच उरलाय."

पाच महिन्यांत दोन वह्या भरल्या. मग एका शुक्रवारी संध्याकाळी काका खाली खुर्चीत बसले आणि प्रार्थना मी चालवली. एकही शब्द चुकला नाही. मनुकांच्या सरबताचे पेले फिरू लागले, तेव्हा मागच्या बायकांच्या खुर्च्यांतून काकींचा आवाज आला.

"एक दमेकरी कमी होता म्हणून दुसरा तयार केलात का, भावजी?"

सगळे हसले. काका नाही हसले. "गेली दहा वर्षं मी असंच म्हणतोय, वहिनी."

"आणि दहा वर्षं आम्ही ऐकून घेतोय. तुम्ही तरुण होतात तेव्हा अख्खी ओळ एका दमात जायची. याला काय झालंय? चांगला धट्टाकट्टा तर आहे."

 निघताना चपला घालता घालता काका म्हणाले, "वहिनींकडे जा. चाल त्यांची पक्की आहे. शब्द मात्र मलाच विचार."

काकींना हिब्रू वाचता येत नव्हतं. पन्नास वर्षं मागे बसून ऐकलेलं, तेवढंच. माणिकपूरच्या घरात मेथी निवडत त्या गुणगुणायच्या. शब्द अर्धे, चाल पुरी. मध्येच थांबवायच्या. "पुन्हा. इथे थांबायचं नाही. कोणी मागे लागलंय का?" मी खोडरबर घेऊन एकेक लाल टिंब पुसत गेलो. वहीचे कागद विरले. काका जाण्याआधीच्या शेवटच्या शुक्रवारी त्यांनी पूर्ण प्रार्थना डोळे मिटून ऐकली आणि एवढंच म्हणाले, "आता हॉल उघडा ठेवा."

दरफाळणीच्या दिवशी हॉल भरला. काकींना दोघांनी धरून आणलं. दिवसभर वहीप्रमाणे चाललं. संध्याकाळी शेवटची प्रार्थना आली. आदल्या संध्याकाळपासून पोटात पाणी नव्हतं, घसा कोरडा. एका लांब ओळीच्या मध्यावर माझा श्वास संपला. तिथे काकांचं टिंब होतं. पुसलेलं, पण दिसत होतं.

मी थांबलो. चाल थांबली नाही. मागून काकींनी ती धरून ठेवली, मग त्यांच्याबरोबर आणखी दोन-तीन बायकांनी. मी श्वास घेतला आणि पुढच्या शब्दावर त्यांना गाठलं.

दुसऱ्या दिवशी वही काढून त्या जागी लाल पेन्सिलीने पुन्हा टिंब केलं. बाकीच्या पुसलेल्या जागा कोऱ्याच ठेवल्या.