दादाचा ब्राउझर कोणीच का उघडत नाही

फोन दुरुस्तीच्या दुकानात किस्से आपोआप साठतात. माणूस फुटलेला फोन काउंटरवर ठेवतो आणि तो कसा पडला ते सांगायला लागतो. कुठे पडला, तेव्हा कोण हसलं, बायको काय बोलली, सगळं! नवी काच बसते, पैसे देऊन होतात, तरी गोष्ट चालूच.

आमचं दुकान भांडुपला, स्टेशनपासून जरा चढावर. म्हणजे दादाचं. आता मी बसतो. दादाला साधा ताप म्हणून अॅडमिट केलं आणि तो घरी आलाच नाही. हे एकदाच सांगतो, नाहीतर मला पुढचं लिहिता येणार नाही.

दादाला एका ब्राउझरचं वेड होतं. ब्राउझर म्हणजे फोनमध्ये ज्यातून आपण नेट बघतो ते अॅप. नवीन फोनमध्ये एक आधीच असतो. दादाचा वेगळा होता, कुठल्यातरी छोट्या परदेशी कंपनीचा. जगभरची माणसं फुकट काम करून तो आपापल्या भाषेत आणतात. मराठीवाल्यांत दादा होता. "बटणांवरचे अर्धे शब्द माझे आहेत," असं छाती काढून सांगायचा. दुकानात आलेल्या प्रत्येक फोनमध्ये, गिऱ्हाइकाला विचारून, तो टाकून द्यायचा. पुढे कधी तोच फोन परत आला की बघायचा. ब्राउझर काढून टाकलेला असायचा! नाहीतर असायचा, पण एकदाही न उघडलेला.

मला म्हणायचा, "एक माणूस दाखव रे. मी मागे न लागता ज्याने स्वतःहून काहीतरी विचारायला हा उघडला. एकच दाखव, बस."

दादा गेल्यावर त्या कंपनीचं काम बघणाऱ्या एका मुलीचा फोन आला. आधी रडली. मग म्हणाली, "मराठीत वापरणाऱ्यांचा आपला आकडा बरीच वर्षं तिथेच आहे. वाढत नाही, कमीही होत नाही. तुम्हाला काय वाटतं, असं का?"

मी नववीत शाळा सोडलेला. तुम्हाला काय वाटतं, असं मला कोणी कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, "मॅडम, विचार करून सांगतो."

तेव्हापासून विचार चालू आहे. आणि तो माणूसही शोधतोय.

*

परबकाका आमच्या शेजारचे. मराठीचे एकदम कट्टर. बँकेत शिरले की पहिलं वाक्य, "मराठीत बोला!" दादाला वाटलं, माणूस मिळाला. मोठ्या प्रेमाने त्यांच्या फोनमध्ये ब्राउझर टाकला, सगळं मराठीत करून दिलं.

दुसऱ्या दिवशी काका दुकानात. "काय करून ठेवलंस रे? काही कळत नाय मला!"

"काका, मराठी आहे ते."

"मराठी आहे ते दिसतंय! इंग्लिश कर आधी!"

"अहो, पण तुम्हाला इंग्लिश..."

"वाचता येत नाय. पण कुठलं बटण कुठे आहे ते मला इंग्लिशमध्ये पाठ आहे!"

दादाने निमूट इंग्लिश करून दिलं. काका गेल्यावर बराच वेळ हातात स्क्रू ड्रायव्हर धरून बसला. मग म्हणाला, "शब्दांवर एवढी भांडणं केली रे आम्ही. आणि लोक वाचतच नाहीत. जागा ओळखतात फक्त."

*

दादाच्या ब्राउझरची मोठी गोष्ट म्हणजे त्यात जाहिराती दिसत नाहीत. हे तो लग्नात नवरी दाखवावी तसं दाखवायचा. मुलुंडच्या कावेरीताई ब्लाउज शिवतात, त्यांना दाखवलं. आठवड्याने त्या परत आल्या.

"हे काय झालंय माझ्या फोनला? सगळं कसं ओसाड ओसाड दिसतंय."

"ताई, जाहिराती बंद केल्या मी. मस्त ना?"

"डोंबलाचं मस्त! अरे, जाहिराती बघायलाच उघडते मी. गळ्याचे नवीन पॅटर्न मला कोण दाखवणार? तू?"

*

दुसरी मोठी गोष्ट, हा ब्राउझर तुमच्यावर पाळत ठेवत नाही. तुम्ही काय बघितलंत ते लक्षात ठेवत नाही. हे दादाने बाजारातल्या भारतीमावशीला समजावलं. मावशी कोळीण. तिने पाटीवरून मान वर न करता सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी काल काय बघितलं ते तो आज विसरणार?"

"हो मावशी! तेच तर..."

"मग काय कामाचा? मी इथं बसते, तर मला ठाऊक असतं कोणाला बोंबील लागतो, कोणाला सुरमई. कोणाच्या घरी सून बाळंत झालीय. ते ध्यानात नाय ठेवलं तर माझ्याकडे येईल कोण?"

"मावशी, ती पाळत असते, पाळत."

"पाळत नाय रे राजा, ओळख असते ती."

दादा मांदेली घेऊन परत आला.

परवा मी बाजारात गेलो. मी काय हवं ते सांगायच्या आत मावशीने मांदेली पिशवीत भरली. दादा न्यायचा ती. मला मांदेली आवडत नाही.

घेऊन आलो.

*

एकदा तर दादा मार खाता खाता वाचला. एका माणसाच्या मुलीचा अॅडमिशनचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. बापाने नेमका तो दादाच्या ब्राउझरमध्ये भरायला घेतला. सगळं भरलं, फोटो चढवला, आणि शेवटचं बटण दाबलं जाईना! बाप धावत दुकानात. मुलगी मागे, डोळे लाल.

दादाने फोन घेतला, सगळं परत फोनमधल्या दुसऱ्या ब्राउझरमध्ये भरलं. फॉर्म गेला. मुलगी हसली. बाप नाही हसला.

"मग हा कशाला टाकून दिलास?"

"बाकी सगळं चालतं ना ह्याच्यात."

"बाकी सगळ्याला तो आहेच ना दुसरा! एका कामाला दोन माणसं कशाला ठेवू मी?"

दादाने त्या साइटवाल्यांकडे तक्रार केली. उत्तर आलं की हा ब्राउझर फार कोणी वापरत नाही, म्हणून आम्ही त्याच्यावर साइट तपासत नाही. दादा म्हणाला, "बघ यार. कोणी वापरत नाही म्हणून चालत नाही. आणि चालत नाही म्हणून कोणी वापरत नाही. शिरायचं कुठून?"

*

दादानंतरचा किस्सा. एक रिक्षावाला, सुर्वे, फोन घेऊन आला. "मेमरी फुल झालीय रे, काहीतरी काढ." मी उघडून बघतोय तोवर त्यानेच वरून बोट ठेवलं. "हे काढ. काय आहे काय माहीत, कधी उघडलंच नाय."

दादाचा ब्राउझर!

माझं डोकं सटकलं. "ते नाही निघणार!"

"का? सरकारी आहे काय?"

"गुड मॉर्निंगच्या गुलाबांचे एवढे फोटो आहेत, ते काढा की!"

"सासूबाई पाठवतात ते. काढले तर मलाच घराबाहेर काढतील!"

"मग दुसऱ्या दुकानात जा!" मी फोन काउंटरवर आपटलाच. नशीब, काच वाचली. सुर्वे तोंड उघडणार, एवढ्यात त्याची नजर मागे भिंतीकडे गेली. दादाचा फोटो, हार. त्याने एकदा फोटोकडे बघितलं, एकदा फोनकडे.

"त्याने टाकलेलं का रे?"

मी फोटोवरचा हार सरळ केला.

"राहू दे मग. दहिसरच्या भाच्याच्या लग्नाचा व्हिडिओ आहे बघ, तो काढ. तसाही त्यात मी कुठे दिसतच नाय."

मी व्हिडिओ काढला. पैसे घेतले नाहीत. पण मला पक्कं माहीत आहे, सुर्वे तो ब्राउझर ठेवणार, आणि कधीच उघडणार नाही.

त्या दिवशी मी कंपनीच्या मुलीला फोन लावला. "मॅडम, आकडा कमी का होत नाही ते कळलं."

"का?"

"आधी दादा टाकायचा, आता मी टाकतोय."

ती हळूच म्हणाली, "आणि वाढत का नाही?"

"लोक काढतायत."

फोन ठेवल्यावर मनात आलं, बस झालं. लोकांना नको आहे तर नको आहे. त्यांचं चुकतंय असंही नाही. दादाचा हट्ट दादाबरोबर गेला. उद्यापासून कोणाच्या फोनमध्ये टाकायचा नाही.

*

एरवी मी डबा दुकानातच खातो. त्या दुपारी दुकान बंद करून जेवायला घरी गेलो. दार उघडंच होतं. आई आतल्या खोलीत कोणाशी तरी बोलत होती. मला वाटलं, गावाहून तिच्या बहिणीचा फोन असेल.

आई मालवणकडची. तिला टाइप करता येत नाही. फोन लावायचा आणि घ्यायचा, एवढंच. आत गेलो तर ती खाटेवर बसलेली, फोन तोंडासमोर आडवा धरलेला. दादाने तिच्याही फोनमध्ये टाकलेला ब्राउझर उघडा, बोलून शोधायचा माइक चालू.

"बाबू, खंय आसस? जेवलंस काय?"

मी दारातच थांबलो. "आई, कोणाशी बोलतेस?"

"तुझ्या दादाक इचारतंय."

"कधीपासून?"

"रोज इचारतंय. जेवणाच्या टायमाक."

तिने चष्मा वर केला आणि फोन माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर जेवणाची ठिकाणं आली होती. भांडुपच्या खानावळी, एकाखाली एक.

"ह्या बघ. रोज हॉटेलांची नावां येतत. भायरच जेवता वाटता."

मग तिने बोटाने यादी वर सरकवली, परत खाली आणली, आणि पहिल्या नावावर थांबली.

"ह्या बरा नाय. त्याका सांग, थंयसर मासे ताजे नसतत."

मी तिच्या हातातून फोन घेतला, माइक दाबला आणि सांगितलं.