अर्धी प्रदक्षिणा

फरीदाबादच्या काकू मला आश्रमात घेऊन गेल्या तो रविवार होता, आणि त्या संध्याकाळपर्यंत मला बाबांना एकच गोष्ट सांगायची होती: मी परत येतेय की नाही.

दिल्लीत यूपीएससीची तयारी करता करता मी आमच्या जिल्ह्यातली तलाठ्याची परीक्षा देऊन ठेवली होती. कुणीतरी फॉर्म भरत होतं म्हणून मीही भरला होता. त्यात माझी निवड झाली. रुजू व्हायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. रुजू झाले तर करोल बागेतली खोली, वाचनालयातली खिडकीजवळची खुर्ची, पुढच्या वर्षीचा प्रयत्न, सगळं सुटणार. नोकरी करूनही अभ्यास होतो असं सगळे सांगतात, पण तसा केलेला कुणी मला अजून भेटला नव्हता. आणि रुजू नाही झाले, तर ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आई अंगणवाडीत मदतनीस. मी काही विचारलं की बाबा म्हणायचे, आम्हाला त्यातलं काय कळतं बाई, तू शिकलेली, तुझं तू ठरव. ते मायेनं म्हणायचे हे मला कळत होतं. तरी फोन ठेवल्यावर दर वेळी वाटायचं की कुणीतरी एकदा रागावून का होईना, पण सांगून टाकावं. खोलीतली मैत्रीण राजस्थानची. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "यार, इतना पढ़ के पटवारी बनेगी?" पटवारी म्हणजे आपला तलाठीच. मी तिच्याबरोबर हसले. मग दोन-तीन दिवस वाचनालयात पुस्तक उघडलं की तेच वाक्य पानावर दिसायचं.

काकू मला करोल बागेतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटल्या होत्या. काका केंद्र सरकारच्या कार्यालयात. नागपूरहून तीन वर्षांसाठी म्हणून आले आणि इथलेच झाले. मुलगा शिकायला बाहेर गेल्यापासून काकू मला अधूनमधून जेवायला बोलवायच्या. माझा चेहरा बघून त्याच म्हणाल्या, रविवारी आमच्याबरोबर चल, तिथं गेलं की डोकं शांत होतं.

माझं काही शांत झालं नाही. फरीदाबाद मागे पडलं, वीटभट्ट्यांची धुराडी गेली, मोहरीची पिवळी शेतं लागली, पलीकडे अरवलीच्या बुटक्या टेकड्या. काका गाडी चालवताना एकेक गाव दाखवत होते आणि मी अच्छा, अच्छा म्हणत होते. डोक्यात मात्र संध्याकाळचं वाक्य जुळवत होते. "बाबा, मी ठरवलंय," इथपर्यंत यायचं, पुढे काही यायचं नाही.

आश्रम खरोखर शांत होता. कडुनिंबाची झाडं, गोठा, विहीर, मधोमध महादेवाचं छोटं देऊळ. छपरावर मोर बसलेला, पण तोसुद्धा ओरडत नव्हता. दुपारच्या आरतीची घंटा होईपर्यंत कुणी बोलायचं नाही असा तिथला नियम. फोन दारातच द्यायचे. एका लाकडी कपाटात खण होते, ज्याचा त्याचा फोन ज्याच्या त्याच्या खणात. बाबांनी मधेच फोन केला तर, असा विचार येऊन मी क्षणभर थांबले. काकूंनी माझ्या हातातून तो हळूच काढून घेतला आणि ठेवून दिला.

सेवा म्हणून आम्हाला मटार सोलायला बसवलं. चटईवर ऊन, पुढ्यात शेंगांचा ढीग, आजूबाजूला दिल्ली-गुडगावहून आलेल्या बायका. कुणी कुणाशी बोलत नाही. शेंगा फुटण्याचा तेवढा आवाज. एखाद्याला त्यात किती बरं वाटलं असतं. पण ते कपाट आमच्या मागेच होतं, आणि थोड्या थोड्या वेळानं त्यातला एखादा फोन लाकडावर थरथरायचा. घुंऽऽ. प्रत्येक वेळी मला वाटायचं, माझाच. मान वळायची. समोरच्या बाईंचीही वळायची. मग आम्ही दोघी काही न झाल्यासारख्या मटार सोलायचो. माझे दाणे सालीत जात होते आणि साली दाण्यांत. काकूंनी माझं ताट ओढून घेतलं आणि निवडायला लागल्या.

आरतीच्या आधी सगळे देवळाभोवती फिरायला लागले. तीही तिथली पद्धत: एका रांगेत, गप्प, घंटा होईपर्यंत प्रदक्षिणा घालत राहायच्या. मी रांगेत शिरले, काकू माझ्या मागे. देऊळ आणि पिंपळाचा पार यांच्यामधली वाट अरुंद होती. पुढे हिरवा स्वेटर घातलेल्या एका माणसाची पाठ, तिच्यापुढे आणखी पाठी. चालताना बोलणं जुळवायचं सोपं जाईल असं वाटलं होतं. उलट पाठींकडे बघता बघता मी दुसरीकडेच पोचले, वाचनालयाच्या रांगेत, मॉक टेस्टच्या रांगेत.

देवळाच्या मागच्या बाजूला गाभाऱ्यातलं पाणी बाहेर येतं ती जागा आली आणि मी वळले.

मी मुद्दाम काही केलं नाही. आमच्या गावच्या महादेवाला सगळे तसंच करतात. पिंडीवरचं पाणी जाण्याची पन्हळ ओलांडायची नाही. तिथपर्यंत जायचं, परत फिरायचं, उलट बाजूनं पुन्हा पन्हळीपर्यंत यायचं. लहानपणापासून दर सोमवारी आईच्या पदराला धरून तशीच चालत आले. इथं पन्हळीवर फरशी टाकलेली होती आणि माणसं तिच्यावरून सरळ पुढे जात होती. हे मला दिसलं तेव्हा मी आधीच वळले होते आणि काकूंच्या नाकासमोर उभी होते.

रांग थांबली. मौन असल्यामुळे कुणाला काही म्हणता येईना. काकूंच्या मागच्या धिप्पाड गृहस्थांनी, पुढे चला, असा हात केला. मी फरशीकडे बोट दाखवलं. त्यांना वाटलं माझं काही पडलंय. ते वाकून शोधायला लागले. त्यांच्या मागच्या बाईही वाकल्या. लाजेनं माझे कान तापले. आता गुपचूप पुढे जावं, एवढंच सुचत होतं. तेवढ्यात काकूंनी फरशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला, आणि त्याही वळल्या.

मग आम्ही दोघी रांगेच्या उलट निघालो. लोक पाराला अंग चोरून वाट देत होते. आतापर्यंत मला फक्त पाठी दिसल्या होत्या. आता एकेक चेहरा समोरून येत होता. मला वाटलं होतं सगळे शांत असतील. कुणाचे ओठ हिशेब केल्यासारखे हलत होते. एकजण डोळे मिटून चालताना भुवया आवळून होता. मटार सोलणाऱ्या त्या बाई तर सरळ फोनच्या कपाटाकडेच बघत होत्या. या चेहऱ्यांना मी ओळखत होते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाचनालयातले आम्ही सगळे असेच दिसतो. कुठे पोचायचंय ते पुढच्याच्या पाठीला ठाऊक असेल, अशा समजुतीनं चाललेलो.

काका गुडघ्यामुळे प्रदक्षिणा घालत नाहीत. ते उन्हात बसून सगळं बघत होते. घंटा झाल्या झाल्या त्यांनी विचारलं, "तुम्ही दोघी रॉंग साइडनं का येत होतात?"

"ही वळली," काकू म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मग डोळे पुसत माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पहिल्यांदा आले तेव्हा मीपण वळले होते गं. सगळे बघायला लागले. पुढच्या वेळेपासून सोडून दिलं. आज तू वळलीस तेव्हा आठवलं, की हे मी सोडलंय."

काका एवढंच म्हणाले की निवृत्तीनंतर नागपूरला जायचं हिच्या मनात कधीपासून आहे. काकूंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मला जेवायला चल म्हणाल्या.

माझ्या पायांनी निर्णय घेतला असं मी लिहिणार नाही, ते खोटं होईल. पंगतीत बसून मटारची भाजी खातानाही मी दोन्ही बाजू मांडतच होते. फक्त एक प्रश्न पहिल्यांदा नीट विचारता आला. राजस्थानच्या मैत्रिणीचं ते वाक्य काढून टाकलं, वाचनालयातल्या सगळ्या पाठी काढून टाकल्या, तर मला इथं थांबायचंय का? उत्तर लगेच आलं. मला ते आवडलं नाही. पण ते माझं होतं.

फोन परत मिळाला. बाबांचा एकही मिस्ड कॉल नव्हता. मी गोठ्यामागे गेले आणि जुळवलेलं सगळं विसरून लावला.

"बाबा, मी येतेय."

बाबांनी घसा साफ केला.

"सुट्टीला का कायमची?"

"रुजू व्हायला."

"बरं. आता तुझ्या आईला सांगू ना? सकाळपासून फोनपाशी बसलीय. मीच तिला करू देत नव्हतो. म्हटलं, आपल्या आवाजानं पोरगी नको वळायला."

परतताना काका पुन्हा गावं दाखवत होते. या वेळी मी नावं ऐकत होते.