माहेर तुटलेली गाडी

आमच्या बाबांच्या गाडीला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत, आणि तिच्याइतकी शिव्यांना पात्र वस्तू आमच्या घरात दुसरी नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. अमेरिकेतली आहे, शंभरहून जास्त वर्षांची आहे आणि आपल्याकडे गाड्या बनवायचं बंद करून एक दिवस गाशा गुंडाळून गेली, एवढ्यावर ओळखणारे ओळखतील.

ती बातमी आली तेव्हा कर्जतच्या नाक्यावर, चहाच्या टपरीवर बाबांची जी चेष्टा झाली ती मी कानांनी ऐकली आहे. "काका, गाडीचं म्हायेर तुटलं म्हना आता! सासरीच नांदवायला लागंल तिला." बाबा हसले नाहीत. चहा अर्धा ठेवून उठले आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवरची धूळ उगाच पुसत राहिले. मला त्या टपरीवाल्याचा भयंकर राग आला. घरी येऊन मात्र मीच बाबांना म्हणाले, "तरी सांगत होते, दुसरी घ्या." स्वभावाला औषध नाही.

बाबांचं या कंपनीशी नातं गाडीच्या आधीचं. तरुणपणी ते एका जंगल ठेकेदाराच्या जीपवर क्लीनर होते. महायुद्ध संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली ती जीप, हातोहात फिरत कर्जतला आलेली. तिचं बॉनेट उघडलं की जवळजवळ प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर एकच इंग्रजी अक्षर ठोकलेलं दिसायचं, ते कंपनीच्या नावाचं पहिलं अक्षर. बाबांना तेव्हा इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ते एक अक्षर त्यांनी ग्रीसच्या बोटांनी गिरवून गिरवून पाठ केलं. "बोल्टावं पन नाव घालतो म्हंजे मानसाला आपल्या कामाची लाज नाय," हे त्यांचं त्या कंपनीबद्दलचं मत, आणि ते पुढे आयुष्यभर बदललं नाही. मी एकदा मोबाइलवर वाचून त्यांना सांगितलं, की ज्याने ही कंपनी काढली त्याने सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडून त्या साध्या माणसाच्या आवाक्यात आणल्या, पण परधर्मीयांबद्दल त्याच्या मनात फार विष होतं. बाबांनी थोडा विचार केला. "मानूस वाईट असंल. बोल्ट चांगला व्हता."

त्यानंतर त्यांनी रसायनीच्या कारखान्यांचा माल ट्रकवर वाहिला, निवृत्त झाले आणि पनवेलला जाऊन त्याच कंपनीची कोरी गाडी घेऊन आले. गावातल्या इतरांनी चौकशा करून, शेजारच्याची चालवून पाहून गाड्या घेतल्या. आमच्या बाबांनी बोल्टच्या भरवशावर घेतली.

गाडी दणकट होती, हे कुणी नाकारत नव्हतं. दार लावलं की भरलेल्या कोठीचं झाकण पडल्यासारखा आवाज यायचा. पण डिझेल पीत होती, आणि कंपनी गेल्यावर साधी आरशाची काच मिळायला पनवेल, पुणे असे फोन करत बसावं लागायचं. माझा धाकटा भाऊ कावला. त्याने कुंभिवलीच्या एका ओळखीच्या माणसाला गाडी बघायला सोमवारी बोलावलंसुद्धा.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणात बाबांना ते कळलं. ताट बाजूला सारून ते म्हणाले, "रविवारी तुझ्या आईला मावशीकडं लोनावल्याला नेतो. घाट चढवतो, उतरवतो. काय ॲवरेज देते ती बघा, मग बोला."

भाऊ म्हणाला, "चालंल. ताई बरोबर जाईल. ती सांगंल ते खरं."

म्हणजे मी न्यायाधीश. मला ते मुळीच नको होतं, कारण प्रश्न गाडीचा नव्हता हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांनी सत्तरी ओलांडली होती. भाऊ स्वतःच्या गाडीची किल्ली त्यांच्या हातात देत नसे. ही गाडी गेली की बाबांचं चालवणं गेलं, कायमचं. मी खालापूरला शाळेत शिकवते, रोज माझी छोटी गाडी घेऊन जाते, पण मी चालवायला शिकले त्याला जेमतेम वर्ष झालेलं. आणि मी ठरवणार की माझ्या बापाने स्टेअरिंगवर बसावं की नाही.

रविवारी चढताना बाबांनी गाडी सुरेख चालवली. मावशीकडे जेवण झालं, तिने आईला डबा भरून दिला, आणि ऊन कलायच्या आत आम्ही परत निघालो. आई मागे, मी बाबांच्या शेजारी. मोठा रस्ता सोडून आम्ही जुन्या रस्त्याने खोपोलीकडे उतरायला लागलो. बाबांची नजर सारखी काट्यांच्या मधल्या त्या छोट्या पडद्याकडे जात होती. ॲवरेजचा आकडा चढताना खाली आला होता आणि काही केल्या भावाला दाखवण्यासारखा होत नव्हता.

"रस्त्याकडं बघा," मी म्हणाले.

"बघतोय गं."

शिंग्रोबाच्या देवळाशी त्यांनी नेहमीप्रमाणे गाडी हळू करून काचेतून नाणं टाकलं, हात जोडले. पुढचं वळण घेतलं, उतार सरळ झाला, आणि एकदम शांत झालं. मला वाटलं कान भरले. मग लक्षात आलं की इंजिनाचा आवाजच नाही. बाबांनी गाडी न्यूट्रलला टाकून इंजिन बंद केलं होतं. किल्ली एक घर मागे घेतलेली, गाडी नुसत्या उतारावर चाललेली.

"बाबा, इंजिन का बंद केलं?"

"उगा डिझेल कशाला जाळायचं? जीपवर आमी आख्खा उतार असंच यायचो. ठेकेदाराचा हुकूमच व्हता."

"अवो, ट्रक कधी असा बंद केला व्हता का घाटात?" मागून आई.

"ट्रकाची गोष्ट येगली. ट्रकाच्या ब्रेकाला हवा लागते, इंजिन बंद झालं का हवा संपते. हिला हवा नाय लागत. ही जीपचीच नात हाय."

हे त्यांचं गणित. एका बाजूने बघितलं तर चुकीचं नव्हतं, आणि त्या गणितानेच आमचा जीव जायचा होता. त्या जुन्या जीपचा ब्रेक नुसत्या पायाच्या जोरावर लागायचा, इंजिन चालू असो की बंद. आताच्या गाडीत पायाला इंजिनाची मदत लागते. इंजिन बंद झालं की ती मदत दोन-तीनदा पाय दाबेपर्यंत उरते, मग संपते. मला शिकवणाऱ्या मास्तरांनी मैदानात गाडी बंद करून माझ्या पायाला ते दाखवलं होतं. पण बाबांना गाडी शिकवायची म्हणजे देवाला नैवेद्य कसा खायचा ते सांगण्यासारखं. तरी मी गप्प राहिले नाही. "चालू करा" म्हणाले. ते "थांब गं, हा उतार संपू दे" म्हणाले.

वळण आलं. त्यांनी ब्रेक दाबला, गाडी हळू झाली. पुढे परत उतार, परत ब्रेक. मग समोर ट्रक दिसला. निळी पिंपं भरलेला, खालच्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलाने उतरणारा. उजवीकडून समोरची वाहनं चढत होती. डावीकडे कठडा.

बाबांनी ब्रेक दाबला आणि मी त्यांचं तोंड बघितलं. पाय खाली जात नव्हता.

"बरेक गेला," ते म्हणाले. अगदी हळू.

आणि त्यांनी तेच केलं जे ते जीपवर करायचे. पाय उचलून दाबला, उचलून दाबला, उचलून दाबला. जीपवर असं पंप मारलं की प्रेशर परत यायचं. इथे प्रत्येक वेळी जी थोडी मदत उरली होती तीही संपत होती. दर दाबण्यागणिक पॅडल आणखी दगड होत होतं. स्टेअरिंगही जड झालं होतं. त्यांच्या मनगटाच्या शिरा वर आलेल्या मला दिसत होत्या. ट्रकच्या मागच्या फळीवरची अक्षरं वाचता येण्याइतकी मोठी झाली. मी हँडब्रेक खेचला. मागून काहीतरी घासल्यासारखा आवाज आला, वेग थोडा मोडला, पण पुरेसा नाही.

"बाबा, पंप मारू नका! क्लच दाबा! क्लच!"

माझ्या बापाने आयुष्यात माझं एका झटक्यात कधी ऐकलेलं नाही. लग्नाच्या वेळी नाही, नोकरीच्या वेळी नाही. त्या क्षणी त्यांनी ऐकलं. क्लच दाबला आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर तसेच धरून बसले, पुढे काय करायचं ते मी सांगेन म्हणून. क्लच दाबलेला असल्याशिवाय ही गाडी सुरूच होत नाही; आता मी त्यांच्यावरून वाकून किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि लागलं.

"आता दाबा!"

ब्रेक लागला. आम्ही तिघंही पुढे आदळलो. मागे डबा उपडा झाला. समोर पिंपं इतकी जवळ होती की बॉनेटच्या पुढे रस्ता दिसत नव्हता. ट्रकवाल्याला काही कळलंही नाही, तो आपल्या चालीने पुढे गेला. मागून हॉर्न वाजायला लागले. कुणीतरी आम्हाला शिवी घातली, आणि ती रास्त होती.

खोपोलीत उतरल्यावर बाबांनी गाडी कडेला घेतली. त्यांचे हात स्टेअरिंगवरून निघत नव्हते. मी भांडायला तोंड उघडलं होतं, खूप काही बोलणार होते. त्यांच्याकडे बघितलं आणि बंद केलं. ते मला इतके म्हातारे कधी दिसले नव्हते. आई मागे सीटवरची आमटी आपल्या पदराने टिपत होती. ती फक्त म्हणाली, "चला हलू हलू. घर काय लांब नाय आता."

घरी भाऊ अंगणातच उभा होता. "काय गं ताई? कशी चालली?"

मी विचार केलाच नाही. "ब्रेक गेला घाटात," मी म्हणाले. "गाडीचाच दोष. थोडक्यात वाचलो."

मला या खोट्याचा आजही पश्चात्ताप नाही. गाडीला काय, तिची बाजू घ्यायला कोणी नव्हतं. कंपनी दूर देशी, शोरूमला कुलूप. दोष तिच्यावर ढकलला की संपलं. बाबा सुटले. भाऊ आपली किल्ली देत नसला तरी उद्या दुसरी एखादी लहानशी घेतील, आपल्या सपाटीच्या रस्त्याने चालवतील. आईनेही मान हलवली. भाऊ तर वाटच बघत होता. "बोललोच व्हतो मी! पळालेल्या कंपनीची गाडी, दुसरं काय व्हनार?" शेजारचे जमले. ज्याने त्याने अमेरिकेला एकेक शिवी दिली. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. ते जेवायला आले नाहीत.

सोमवारी सकाळी कुंभिवलीचा माणूस आला. हायवेला त्याचं हॉटेल होतं, बायको-मुलांसाठी गाडी हवी होती. भावाने बिचाऱ्याने काही लपवलं नाही. ब्रेकचं आधीच सांगितलं. तो माणूस गाडीभोवती फिरला, टायरला पाय लावला, तोंड वाकडं केलं. "नाय वो. घरात लहान पोरं हाईत. या गाड्या अशाच, म्हून तर कंपनीला जावं लागलं. भंगारात घाला."

बाबा ओट्यावरून उठले.

"ओ पावनं," ते म्हणाले. "गाडीला नाव नका ठेवू."

"आवो काका, तुमच्या पोरीनंच..."

"पोरगी खोटं बोलली. माज्यासाठी बोलली." ते माझ्याकडे बघत नव्हते. भावाकडेही नाही. "बरेक चांगला हाय. मी घाटात इंजिन बंद केलं आन् वर पंप मारत बसलो. गाडीची काय बी चूक नाय. चालवनारा चुकला. मला आता ही गाडी कळत नाय."

भाऊ जमिनीकडे बघायला लागला. माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचाच राग आला. ज्या माणसाने चारचौघांत कधी 'चुकलं' म्हटलं नाही, त्याने ते एका परक्या गिऱ्हाइकासमोर म्हटलं, आणि तेही लोखंडाच्या वस्तूची अब्रू जाऊ नये म्हणून. ती गाडी त्यांची होती. तिच्यावर खोटा आळ त्यांना बघवला नाही.

मग पाहुणा जरा नरमाईने म्हणाला, "मंग एक चक्कर मारून बघतो. तुमी चालवून दाखवा, काका."

"तुमी चालवा," बाबा म्हणाले आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली. "मी बाजूला बसतो."

ते गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले. घेतल्यापासून त्या बाजूने ते कधी बसले नव्हते. दार उघडलं, आत शिरले, पुढ्यात स्टेअरिंग नाही म्हणून हात कुठे ठेवावेत ते क्षणभर त्यांना समजेना. मग पट्टा लावायला त्यांचा हात सवयीने उजव्या खांद्यामागे गेला. तिथे पट्टा नव्हता. ते मागे न बघता हाताने तो चाचपडत राहिले. मी गेले, वाकले, डावीकडचा पट्टा त्यांच्या छातीवरून ओढून घेतला आणि लावून दिला.