गायरानाची मोजणी

आमच्या गावात हद्दवाढविरोधी कृती समिती स्थापन झाली तेव्हा तिचा सचिव मला केलं, कारण माझं अक्षर बरं होतं आणि मला दुसरं काही काम नव्हतं. बी.ए. होऊन मी कागलच्या नव्या एमआयडीसीत चिकटायची वाट बघत होतो. एमआयडीसीला माझी घाई नव्हती. नव्वदीची ती वर्षं. शहर फुगत चाललं होतं आणि आजूबाजूची गावं महापालिकेत घ्यायची बोलणी सुरू होती. गावाचं काय करायचं ते गावच ठरवील, असं मी चावडीपुढच्या कट्ट्यावर उभं राहून सांगायचो. माईक हातात आला की माझा आवाज आपोआप पुढाऱ्यासारखा घोगरा व्हायचा, आणि घरी आल्यावरही बराच वेळ तसाच राहायचा.

आईला भाषणांत रस नव्हता. तिला काळजी होती गायरानाची. ओढ्याच्या दोन्ही अंगांनी पसरलेलं ते कुरण. तिथं आमची एकुलती एक म्हैस चरायची, आणि डेअरीला घातलेल्या तिच्या दुधावर आमचं घर चालायचं, माझ्या इस्त्रीच्या शर्टासकट. गाव शहरात गेलं तर गायरानात कचरा डेपो होणार अशी बोलवा होती. मोजणीवाले येणार त्या सकाळी तिनं धार काढता काढताच मला बजावलं, "मोजू दिऊ नगंस. म्हस दावणीला बांधून पोसायची आपली ऐपत न्हाय."

मी छाती काढून निघालो. बेत साधा होता. जीपला गराडा घालायचा, घोषणा द्यायच्या आणि टेप जमिनीला टेकू द्यायची नाही. सुरुवात झकास झाली. मग मोजणीच्या साहेबांनी प्यायला पाणी मागितलं. पाण्याला नाही कसं म्हणायचं? पाणी दिलं. पावण्याला नुसतं पाणी कसं द्यायचं, म्हणून चहा आला. तोंडात चहा असताना घोषणा देता येत नाहीत, हे सचिवाच्या लक्षात आधीच यायला हवं होतं. साहेब शांत गृहस्थ होते. त्यांनी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि सहज म्हणाले, तुमचं गायरान ओढ्यापर्यंतच दिसतंय, पलीकडचा उतार शेजारच्या गावाचा.

शेजारचं गाव म्हणजे जत्रेच्या मैदानात आमचे पैलवान चितपट करून जाणारं गाव. कोल्हापूरकडं जिला ईर्षा म्हणतात, ती आमच्या अंगात हद्दवाढीच्या कितीतरी आधीपासून मुरलेली. आता जमिनीतही हे लोक आम्हाला खाली पाडणार? मी पुढं झालो आणि ठणकावलं, "नकाशा चुकलाय साहेब. आमची हद्द वढ्याच्या पल्याड हाय."

"मग दाखवा की," साहेब म्हणाले.

आणि मी दाखवली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, टेपचं टोक हातात धरून मी ओढा ओलांडला. समितीचे अध्यक्ष काटेरी झुडपं बाजूला करत होते, खजिनदार खुंट्या ठोकत होते. साहेबांची माणसं बाभळीच्या सावलीत बसून होती, कारण त्यांना काही कामच उरलं नव्हतं. टेप सैल पडली की मीच खेकसायचो, नीट ताणा, आपलं गायरान कमी भरतंय. हद्दवाढीची मोजणी इतक्या उत्साहानं कुठल्याच गावानं करून दिली नसेल.

दुपार कलली तशी पलीकडून माणसं आली. तीही कृती समितीच. त्यांचा सचिव आणि मी आठवड्यापूर्वी एकाच व्यासपीठावर, एकाच माईकवरून एकजुटीवर बोललो होतो. आता तो मला विचारत होता की तुझा पाय कुठल्या गावात हाय ते बघ. मी त्याचा बाप काढला, त्यानं माझा आजोबा. दोन्हीकडच्या बाह्या वर सरकल्या. साहेबांनी चष्मा पुसला, नकाशाची गुंडाळी केली आणि जीपमध्ये बसता बसता सांगितलं की आधी तुमची हद्द ठरवा, मग शहराची बघू.

ते पुन्हा आले नाहीत. पुढं हद्दवाढच बारगळली, वर कुणाचं काय बिनसलं ते आम्हाला कधी कळलं नाही. गावानं मात्र ठरवून टाकलं की सचिवानं डोकं लढवून मोजणी उधळली. ग्रामसभेत मला फेटा बांधला. मी म्हटलं, तसं काही नव्हतं. पण लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं नाही. त्याच सभेत ठराव झाला की गायरानाचा निर्णय गावच घेईल, आणि आमची हद्द ओढ्याच्या पलीकडंच. ठराव मी लिहिला. फेटा डोळ्यांवर येत होता, तरी अक्षर सुरेख आलं.

शेजारच्या गावानंही उतार आपलाच असा ठराव केला आणि ओढ्याच्या काठानं काट्यांचं कुंपण घातलं. चांगलं गवत सगळं पलीकडच्या उतारावर.

त्या उतारावर आजवर दोन्ही गावांची जनावरं एकत्र चरायची. आई आणि पलीकडच्या गावातली एक बाई, दोघी माझ्या जन्माआधीपासून तिथं म्हशी सोडायच्या आणि दुपारी एकमेकींची भाकरी खायच्या. कुंपण पडल्यावर एके दिवशी आई मला बरोबर घेऊन गेली. म्हैस सवयीनं ओढ्यात उतरली आणि काट्यांपाशी अडली. पलीकडं ती बाई उभी होती. तिनं हात जोडल्यासारखं केलं आणि म्हणाली, "गावाचा ठराव हाय, आक्का. म्या एकली काय करू?"

आईनं म्हैस वळवली. मग म्हणाली, "कुणाचं हाय ते कुणालाबी ठावं नव्हतं, तवर आमी दोघी हितं सुखानं बसत हुतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या ठरावाखाली 'एकमताने मंजूर' असं मीच लिहिलं होतं. आई त्या सभेत मागं, बायकांत बसली होती. तिचं मत कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही.