टोकाचं वजन

सोसायटीच्या कोर्टवर पिकलबॉल खेळताना आज चुकून बायकोचं पॅडल, म्हणजे खेळायची चपटी बॅट, माझ्या हातात आलं. तसं ते माझंच जुनं. फटका जोरात बसावा म्हणून त्याच्या टोकाला मी शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. नवं हलकं घेतलं तेव्हा त्या न काढताच तिला देऊन टाकलं.

नेटजवळ चेंडू आला आणि माझा हात उशिरा पोचला. पुन्हा तेच. मनगट भरून आलं. "हात लवकर आण गं!" म्हणून मी तिच्यावर रोज ओरडतो. माणूस मंद आहे हे आपण किती सहज ठरवून टाकतो, त्याच्या हातात आपणच काय दिलंय ते न बघता!

शेजारी ती माझ्या पॅडलने झरझर चेंडू परतवत होती.

"अहो, आज जमतंय हं मला!"

मी मान खाली घालून नखाने पट्टी खरवडत राहिलो.