दादा किती वेळा पॅक होतात

आमचे जगदीशराव खोपोलीच्या कारखान्यात माल तपासतात. शंभरात किती नग खराब निघाले ते लिहायचं, हे त्यांचं काम. ते कारखान्यातच ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण मोबाईलवर पोकरवाल्यांचे व्हिडिओ बघून त्यांनी गणपतीतली आमची घरगुती तीन पत्तीसुद्धा वहीत घातली. आम्ही चिंचोके लावून खेळतो, आणि हा माणूस मांडीखालच्या वहीत लिहितो: चाल कोणी वाढवली, पानं टाकून पॅक कोण झालं. चार वर्षं! माणसं मोदक खातात, हे टक्केवारी काढतात.

"सुनंदा, मी चाल वाढवली की दादा दहातनं नऊदा पॅक!" भरल्या स्वयंपाकघरात येऊन मला हे ऐकवणार. दादा म्हणजे माझे थोरले दीर, नामादादा. वडील गेल्यावर यांना त्यांनीच वाढवलं, कळंबचं घरही तेच सांभाळतात.

यंदा आम्ही शेलूला फ्लॅट घेतला आणि यांच्या डोक्यात आलं, घरचा गणपती आता इकडे बसवायचा. मी म्हटलं, दादांना नीट विचारा. छे! वही आहे ना! कळंबच्या ओटीवर उभे राहून म्हणाले, "दादा, गणपती शेलूला नाय आला तर आमी यंदा येणार नाय." वर माझ्याकडे बघून डोळा मारला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादा सुपारी कातरत होते. "नको येऊ मग," म्हणाले. "गणपती काय माजा एकट्याचा नाय रं."

घरी येऊन हे वही चाळत बसले. "आकडे चुकले कसे?" मी वही हिसकावली. दुसऱ्या कुणी चाल वाढवली तर दादा विसात दोनदा पॅक. नऊदा फक्त यांच्यासमोर! जनीताईंना, म्हणजे थोरल्या जाऊबाईंना, फोन लावला. त्या दादांच्या मागे बसून पानं बघतात.

"तीन राजे टाकल्यात त्यांनी तुज्या नवऱ्यासमोर," त्या म्हणाल्या. "ल्हानपणी हरला का जेवायचा नाय तो."

चार वर्षं लिहून या शहाण्याला एवढंही दिसलं नव्हतं.

गणपतीला मी यांना ओढतच कळंबला नेलं. दादा नेहमीसारखे "आलास रं" म्हणाले, पत्ते वाटले. हे चाल वाढवत, दादा त्यावर चाल लावत, आणि पानं उघडून शो झाला की बहुतेकदा दादांचीच मोठी. एकदासुद्धा पॅक नाहीत. तासाभरात यांच्यापुढचे चिंचोके संपले. वही पिशवीतून बाहेर आलीच नाही.

"दादा," हे हळूच म्हणाले, "एकदा तरी टाक की पानं."

दादांनी चिंचोके गोळा केले.

"तुजं येगळं घर झालं ना रं आता," म्हणाले, आणि गड्डी पिसायला घेतली.